मनगटावरची मेंदी

निखाऱ्यावर रटरटणारा चहा थेट ग्लासात ओतायचा आणि ग्लास काठोकाठ भरायचा, ही मन्नूबियाची रीत होती. ग्लास काचेचा, बोटाएवढा, धरायला कान नाही. घरी येणारी प्रत्येक बाई तो उचलताना कळवळायची. शेजारची शाद्लिया तर ओढणीचं टोक गुंडाळून धरायची आणि वर ऐकवायची, "तुझ्या चहाला चव आहे गं मन्नूबिया, पण दयामाया नाही."

त्या उन्हाळ्यात एकदा मन्नूबियाच्या सुनेने, ओल्फाने, तो ग्लास अख्ख्या उजव्या मुठीत धरला आणि धरूनच बसली. तोंडातून हूं नाही की चूं नाही. मन्नूबियाने ते पाहिलं आणि तिची मान ताठ झाली.

"बघितलंस?" ती शाद्लियाला म्हणाली. "याला हात म्हणतात. तुझ्या सुनेला बर्फ धरायला दिला तरी फोड येतील."

"असतील बाई हात. पण ती त्या हातांनी करते तरी काय? दिवसभर तो डबा पुढ्यात घेऊन टकटक, टकटक."

"डबा नाही तो, कॉम्प्युटर आहे. तिकडे फ्रान्सात डॉक्टर बोलतात आणि माझी सून कानाला लावून ऐकते, लिहून देते. तिने लिहिलं नाही तर तिथल्या माणसांना कळायचं नाही आपल्या पोटात काय सलतंय ते."

हे झालं शेजारणीपुढे. घरात मन्नूबियाचं तोंड वेगळं होतं. ओल्फा भिंतीशी गादीवर बसून जेवणाच्या बुटक्या गोल टेबलावर तो कॉम्प्युटर मांडायची आणि टेबलाच्या कडेवर मनगटं टेकवून बडवत राहायची. कधी हात झटकून कुरवाळत बसली, की सासूबाई तिकडून येता-जाता म्हणायच्या, "मी जन्मभर गालिचे विणले. या कैरुआन शहरात अशी एक बडी हवेली नसेल जिथे माझ्या गाठी पसरलेल्या नाहीत. बोटांची सालपटं निघाली, पण हाताला कधी फडकं बांधलं नाही." ओल्फा हसून "हो उम्मी" म्हणायची आणि पुन्हा टकटक सुरू.

मग मन्नूबियाच्या नजरेला एकेक गोष्ट यायला लागली. ओल्फाच्या हातून ताटली निसटली. आठवड्याभराने तेलाची बरणी. भाकरीचं पीठ मळायची वेळ आली की ती काहीतरी निमित्त काढून उठायची. रात्री मधूनच अंगणात येऊन, चिंध्या झटकाव्यात तसा उजवा हात झटकत उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, "मुंग्या आल्यात, उम्मी. झोपा तुम्ही."

मन्नूबिया झोपली नाही. अंथरुणात पडल्या पडल्या तिने हिशोब मांडला. तिचा मुलगा लुत्फी पोटात होता तेव्हा तिचेही हात असेच बधिर व्हायचे. मागावरची फणी हातात धरवत नसे, रात्र रात्र मुंग्या. सासूने तेव्हा एका नजरेत ओळखलं होतं. लग्नाला आता दोन वर्षं होत आली होती आणि हात बधिर झाले होते. यात आणखी काय समजायचं राहिलं? पोरगी लाजत असेल, सांगत नसेल. सांगेल तेव्हा सांगेल. मन्नूबियाला सगळं कळलेलंच होतं.

कळलेलं पोटात ठेवणं मात्र तिच्या कुंडलीत नव्हतं. तिने खजुराचं सारण भरून मकरूद तळले, मधात बुडवले, त्यातले मोठे निवडून ताटलीत रचले आणि स्वतः शाद्लियाच्या दारात गेली.

"कसले गं एवढे गोड?" शाद्लियाने विचारलं.

"कसले म्हणजे? खा. देवाच्या घरून आलेलं गोड कशाचं ते विचारू नये."

एवढंच बोलली. पण बोलताना असा चेहरा केला की शाद्लियाला कळलं, आणि शाद्लियाला कळलं म्हणजे अख्ख्या आळीला कळलं. त्या दिवसापासून ओल्फाच्या ताटात दुप्पट अंडी पडायला लागली. पायरीवर बसू नको, उन्हात जाऊ नको, असल्या सूचना सुरू झाल्या. ओल्फा बुचकळ्यात पडली. लुत्फी आईला म्हणाला, "तुझी तब्येत बरी आहे ना? आज तू तिला एकदाही टोमणा मारला नाहीस."

"मारते ना, तुलाच मारते. बापासारखा आंधळा आहेस," मन्नूबिया म्हणाली.

ऑगस्ट लागला, म्हणजे कुसकुस, रव्याचे बारीक दाणे, वळायचे दिवस आले. वर्षभराचा कुसकुस एकाच दिवशी, दहाबारा बायका जमवून वळायचा, वाफवायचा आणि गच्चीवर पांढऱ्या चादरींवर वाळवायचा. यंदाचा दिवस मन्नूबियाच्या अंगणात ठरला होता. आळीतल्या बायकांना सांगून झालं होतं, रव्याची पोती आली होती, पराती घासून उपड्या घातल्या होत्या. आदल्या दुपारी मन्नूबिया वाळवणाच्या चादरी काढायला कपाटापाशी गेली. तळातली चादर ओढली आणि तिच्यातून एक काळं, जाड, पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी खाली पडलं.

तिने ते उचललं. आत धातूची पट्टी होती, वाकलेली. अंगठ्यासाठी भोक होतं. हाड मोडलं की दवाखान्यात बांधतात तसलं काहीतरी.

ओल्फा त्या बुटक्या टेबलापाशी कामाला बसली होती. मन्नूबियाने ते तिच्यापुढे ठेवलं. "हे काय आहे?"

ओल्फाने कानातलं यंत्र काढलं. ती त्या वस्तूकडे बघत राहिली. "मनगटाचा पट्टा आहे, उम्मी."

"मोडलंय का काही? कुणी पिरगाळला हात? लुत्फीने? तो असेल तर सांग, आत्ता त्याला उभा सोलते."

"नाही हो, उम्मी! त्यांनी काही नाही केलं. टाइप करून करून झालंय. मनगटातून एक नस जाते, ती आवळली गेलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रात्रंदिवस पट्टा बांधायचा, काम बंद, हात अजिबात वापरायचा नाही."

मन्नूबिया गादीवर बसली. "आणि पोटात?"

"पोटात काय?"

"बाळ, दुसरं काय? मुंग्या, बधिर हात, पीठ मळायचं टाळणं... तू पोटुशी नाहीस?"

ओल्फा आधी हसली. अंडी कशाची होती, पायरीवर का बसायचं नव्हतं, ते सगळं तिला एका झटक्यात उलगडलं आणि ती हसत हसत वाकली. मग तिचं हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"मी मकरूद वाटून बसले गं," मन्नूबिया म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही.

"शाद्लिया खालाला?"

"मग कुणाला? सगळ्यांत मोठ्या तोंडालाच दिले."

ओल्फाने नाक पुसलं. डाव्या हाताने पुसलं, हे मन्नूबियाच्या आता लक्षात आलं. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता.

"पट्टा लपवलास कशाला मग?"

"तुम्ही म्हणता ना, तुम्ही हाताला कधी फडकं बांधलं नाही. आणि उद्या सगळ्या बायका येणार. माझ्या हाताला हे काळं बघितलं की म्हणतील, मन्नूबियाच्या घरात सुनेला मारतात. म्हटलं, उद्याचा कुसकुस वळून होऊ दे, कामाचा ढीग उपसून होऊ दे, मग बांधीन."

"आणि नाही बांधला तर काय होईल म्हणाली ती?"

ओल्फा डाव्या हाताने पट्ट्याची घडी घालायला लागली.

"विचारते आहे मी."

"मनगट चिरावं लागेल. आणि चिरलं तरी बोटांतली जाणीव परत येईलच, असं नाही म्हणाल्या. फार उशीर करू नका म्हणाल्या."

मन्नूबियाने ओढणीला लावलेली टाचणी काढली. "डोळे मीट."

"उम्मी, हे काय?"

"मीट म्हणते ना!"

ओल्फाने डोळे मिटले. मन्नूबियाने तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि टाचणीचं टोक हलकेच तिच्या मधल्या बोटाच्या पेराला लावलं. "कुठलं बोट?"

ओल्फाने अंदाज केला. "करंगळी?"

मन्नूबियाने तर्जनी टोचली. "आता?"

"तुम्ही लावलीय का टाचणी?"

मन्नूबियाने टाचणी परत ओढणीला खोचली. खोचताना ती तिच्या स्वतःच्याच बोटात घुसली. तिला ती चांगलीच कळली. त्या क्षणी तिला तो चहाचा ग्लास आठवला. पोरीने अख्ख्या मुठीत धरलेला उकळता ग्लास. ती त्याला हिंमत समजली होती. हाताला चटकाच कळत नव्हता, आणि सासू शेजारणीपुढे मिरवत होती.

ती उठली आणि अंगणात जाऊन बसली.

दोन हिवाळ्यांमागे याच अंगणात तिचा पाय घसरला होता. खुबा मोडला. तेव्हा ओल्फा घरात नवी होती, माहेरचे कपडे अजून पुरते गाठोड्यातून काढलेले नव्हते. मन्नूबियाला कुशीवर वळवायचं, धुवायचं, केस विंचरायचे, गरम पाण्यात पंचा पिळून पाठ पुसायची, हे सगळं त्या पोरीने केलं. मन्नूबियाने पाणी गार आहे म्हणून तिला झापलं होतं, पंचा नीट पिळला नाहीस म्हणून झापलं होतं. स्वतःची लाज वाटत होती म्हणून तोंड सुटत होतं. पंचा पिळणारे ते हात दिवसभर त्या टेबलाच्या कडेवर घासून यायचे, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. आज ती स्वतःच्या पायांनी चालत होती, जिना चढत होती, शाद्लियाच्या दारात मकरूद घेऊन मिरवायला जात होती, ते त्या हातांमुळे. आणि आभार? जेवण झालं की जिने रांधलं तिला "तुझे हात सलामत राहोत" म्हणायचं, हे आपल्यात लेकरालाही शिकवतात. मन्नूबिया ते परक्या घरात मोठ्याने म्हणायची. स्वतःच्या सुनेला तिने ते कधी म्हटलं नव्हतं. घरच्यांना काय म्हणायचं, असं तिचं मत होतं.

ती उठली, फडताळातला मेंदीचा डबा काढला, कोमट पाण्यात मेंदी कालवली आणि आत आली.

"हात पुढे कर. दोन्ही."

"मेंदी? आत्ता? कुणाचं लग्न आहे?"

"कर म्हटलं की करायचा."

तिने ओल्फाचे तळवे आणि बोटं मेंदीने माखली. सुकू दिली. मग तो काळा पट्टा उजव्या मनगटावर बांधला, आपल्या हाताने, पट्ट्या नीट आवळून. वर कापूस ठेवून नव्या पांढऱ्या सुती कापडाच्या घड्या गुंडाळल्या. नवरीच्या हाताला बांधतात तशाच. डावा हातही तसाच गुंडाळला, म्हणजे जोडी दिसावी. काळ्या पट्ट्याचा धागाही कुठे दिसेना.

"आता मी काहीच करू शकत नाही, उम्मी," ओल्फा हात वर धरून म्हणाली.

"तेच तर करायचं आहे तुला. मेंदीच्या हाताला काम सांगेल अशी एक तरी बाई मला उद्या दाखव."

सकाळी बायका आल्या. परातींभोवती गोल करून बसल्या, रव्यावर पाणी शिंपडलं, तळवे फिरायला लागले. ओल्फाला मन्नूबियाने मधोमध, सावलीत, उशीला टेकवून बसवलं होतं. दोन्ही हात मांडीवर, पांढरे, फुगलेले.

शाद्लियाने चाळण हातात घेतली आणि बघत राहिली. "ही काय भानगड? मेंदी कशाची? आणि जिच्या पोटाचे मकरूद आम्ही खाल्ले तिला हातांना मेंदी?"

सगळे तळवे थांबले.

मन्नूबियाने खोकून घसा मोकळा केला. आयुष्यात तिने "मी चुकले" हे शब्द कधी उच्चारले नव्हते, आणि आजही उच्चारायचा तिचा बेत नव्हता. "पोटाचे मकरूद म्हणून कोण म्हणालं तुला? मी म्हणाले? मी फक्त खा म्हणाले. तुला जे समजायचं ते तू समजलीस आणि गावभर सांगून आलीस."

"अगं पण तुझा चेहरा..."

"माझा चेहरा देवाने दिलाय, त्याला जाऊन विचार. आता ऐक. माझा खुबा मोडला तेव्हा मी नवस बोलले होते. ज्या हातांनी मला उठवलं, धुतलं, चालतं केलं, त्या हातांना मेंदी लावीन. आणि रंग उतरेपर्यंत त्या हातांनी माझ्या घरात काडी उचलायची नाही. आज फेडते आहे. कुणाला काही म्हणायचंय?"

असा कुठला नवस ती बोलली नव्हती. रात्रभर जागून तिने ते रचलं होतं. पण अंगणात, त्या बायकांपुढे तिने ते मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हटलं. बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण खोटं बोललो नाही. तेव्हा बोलायचं राहून गेलं होतं, एवढंच.

ओल्फा मान खाली घालून आपल्या पांढऱ्या हातांकडे बघत होती.

"नवस दोन वर्षांनी फेडतेस?" शाद्लिया म्हणाली, पण आवाजातली धार गेली होती.

"सवडीने. तुझ्यासारखी घाई नाही मला. वळ, रवा वाळतोय."

तळवे पुन्हा फिरायला लागले. आता प्रत्येकीला आपापली सासू आठवली, आपापली दुखणी आठवली. एकीचं मनगट शिवणाच्या मशीनवर गेलं होतं, एकीचं कपडे पिळून. उन्हं वर आली तशी कुणीतरी म्हणालं की आपल्या हातांना कुणी मेंदी लावली असती तर! त्यावर सगळ्या हसल्या.

दुपारी पहिल्या वाफेचा कुसकुस तेल आणि भोपळा घालून पुढे आला. ओल्फाला भरवायला बायकांची चढाओढ लागली. शाद्लियाने सर्वांत मोठा घास केला आणि तिच्या तोंडात कोंबला. "खा गं. पोटात असो नसो, खा."

जेवण झालं. रीतीप्रमाणे एकमेकींना "हात सलामत राहोत" म्हणून झालं. मन्नूबिया ओल्फाकडे वळली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरी, तुझे हात सलामत राहोत."

"तिने कुठे काय केलं?" शाद्लियाने विचारलं. "बसून तर होती!"

"तुला काय करायचंय?" मन्नूबिया म्हणाली.

त्यानंतर प्रश्न उरला तो कामाच्या ठिकाणचा. डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद लुत्फीने पाठवला होता, तरी दुसऱ्या दिवशी फोन वाजलाच. ओल्फाला तो धरता येत नव्हता. मन्नूबियाने उचलला.

"ओल्फा कामावर कधी बसणार?" पलीकडून एका बाईने विचारलं.

"तिचे हात मेंदीत आहेत."

पलीकडची बाई एकदम खुलली. "अरे वा! मुबारक असो! कुणाचं लग्न?"

"कुणाचं नाही. मनगटाची नस आवळलीय, टाइप करून. तुमच्यातल्या आणखी कुणाची आवळलीय का, तेही बघा. आणि मुबारकबाद पोचवते, ती घेऊ आम्ही." तिने फोन ठेवला. ओल्फा घाबरून बघत होती. "काय म्हणाल्या?"

"मुबारक म्हणाली. आणि काय म्हणणार?"

संध्याकाळी त्याच बाईचा पुन्हा फोन आला, लुत्फीला. रजा घ्या म्हणाली. आणि हळू आवाजात विचारलं की तो पट्टा कुठे मिळतो, कारण तिचाही अंगठा रात्री दुखतो.

रंग उतरायला लागला की मन्नूबिया पुन्हा मेंदी कालवायची. नखांच्या कडेने जरा फिकट दिसलं तरी डबा बाहेर. रोज सकाळी पट्टा सोडून ती ओल्फाची बोटं चोळायची, डॉक्टरीणबाईंनी दाखवली तशी वाकवायची, आणि "डोळे मीट" म्हणून टाचणी लावायची. बरेच दिवस उत्तर चुकायचं. ओल्फाच्या डोळ्यांत पाणी यायचं, मन्नूबिया टाचणी खोचून म्हणायची, "उद्या बघू. टाचणी कुठे पळून जात नाही." मग अंगणात जाऊन कुणी नाही असं बघून देवाशी थोडं भांडायची.

मधल्या काळात तिने लुत्फीला सुताराकडे पिटाळलं. खिडकीपाशी तिचा लग्नातला शिसवी पेटारा होता, त्याला आजवर कुणी हात लावलेला नव्हता. तिने तो स्वतःहून आत ढकलायला लावला आणि तिथे उंच टेबल आणि पाठीची खुर्ची आली. "कोपर असं सरळ राहिलं पाहिजे," लुत्फी समजावायला लागला. मन्नूबिया म्हणाली, "मला नको शिकवू. मागावर बसायची फळी मी उंचीला उंची जुळवून ठोकून घेतली होती. तुमच्या या टकटकीला तेवढंही कुणाला सुचलं नाही, आणि पोरीला जेवणाच्या टेबलावर बसवलंत." पोरीला तिथे कुणी बसवलं होतं, हे विचारायची लुत्फीची हिंमत झाली नाही.

शेवटी हात उघडे राहायला लागले. मेंदी नखांपुरती उरली होती. एका दुपारी शाद्लिया आली, नेहमीसारखी ओढणीचं टोक तयार ठेवून. मन्नूबियाने निखाऱ्यावरचा चहा ओतला, काठोकाठ. एक ग्लास शाद्लियाला दिला. दुसरा ओल्फापुढे ठेवला.

ओल्फाने गप्पांच्या ओघात उजवा हात पुढे केला, ग्लास मुठीत धरला, आणि "आई गं!" करून किंचाळली. ग्लास फरशीवर फुटला, चहा शाद्लियाच्या चपलेवर उडाला.

"बघितलंस तुझ्या सुनेचा हात!" शाद्लिया पाय झटकत म्हणाली. "आता बोल! फोड येतील आता तिला, बर्फाने सुद्धा!"

ओल्फा बोटं तोंडात घालून चोखत होती. तिचे डोळे मोठे झाले होते. "भाजलं, उम्मी. तिन्ही बोटांना भाजलं."

मन्नूबियाने काचा बघितल्या नाहीत, चहा बघितला नाही. तिने सुनेचा हात ओढून घेतला, लाल झालेली पेरं एकेक करून दाबली, आणि प्रत्येक पेराला ओल्फा "आ" म्हणाली. मग तो हात तिने आपल्या दोन्ही डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला.

"काय म्हणत होते मी तुला?" शाद्लियाने विचारलं. "चहाला दयामाया नाही म्हटलं की तोंड वाकडं करायचीस."

"गप बस गं," मन्नूबिया हातामागून म्हणाली. "आणि तुझा ग्लास नीट धर. आज एक फुटला तेवढा पुरे."